दीड वर्षाचा पंगस ठेवावा की काढावा?

वाचकांचे प्रश्न : तळं, जाळं आणि स्वयंपाकघर

या महिन्यातल्या पत्रांत पंगसच पंगस आहे, तोच तो तळ्यात पाळायचा मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. थंडी तोंडावर आली की ज्यांच्या तळ्यात मासा शिल्लक असतो, त्यांना माझी आठवण येते. मत्स्य खात्यातली नोकरी संपली, आता घरचं तळं आणि हे सदर एवढाच माझा व्याप आहे. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यांत विचारण्यासारखं काही होतं ती घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, इंदापूर तालुक्यात आमचं कागद अंथरलेलं शेततळं आहे. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये पंगसची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. या मार्चमध्ये मासा किलोचा झाला, तेव्हा व्यापारी ९० रुपये देत होता. मी म्हटलं, आणखी वाढू दे. आता सरासरी १.८ किलो भरतो, तर तोच व्यापारी ‘माल जुना झाला, चरबी धरली’ म्हणून ८० सांगतो. मासा जुना होतो म्हणजे नक्की काय होतं? आणखी सहा महिने ठेवून अडीच किलोचा केला तर हॉटेलवाले जास्त भाव देतील का?

काढा. थंडी पडायच्या आत सगळा काढा. आता कारण सांगते.

व्यापाऱ्याचा ‘जुना’ हा शब्द सोडून द्या, पण ‘चरबी’ म्हणतो ते खरं आहे. वयाच्या दृष्टीने तुमचा मासा पोरसवदाच आहे. पंगस मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांचा, तिथे तो मीटरभराहून लांब होतो. मादीला गाभोळी धरायला निदान तीन वर्षं लागतात, नर दुसऱ्या वर्षी तयार होतो. बैल जसा एका वयाला वाढायचा थांबतो तसा मासा थांबत नाही, तो मरेपर्यंत वाढतच असतो. म्हणूनच शेतकरी फसतो. वाढतोय ना, मग राहू दे! पण तो वाढतो कशाने आणि काय वाढवतो, हे बघायला पाहिजे.

वीस ग्रॅमचं पिल्लू रोज आपल्या वजनाच्या सहा-सात टक्के खाद्य खातं आणि काही आठवड्यांत दुप्पट होतं. किलोचा मासा एक ते दीड टक्काच खातो. त्यातला मोठा वाटा नुसतं जगण्यात जातो: पोहणं, श्वास, शरीराची रोजची डागडुजी. उरलेलं वाढीला. या वाढीतही फरक पडतो. लहान मासा मांस घालतो, आणि मांसात तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे वजनातला बराचसा भाग तळ्यातून फुकट मिळतो. किलोच्या पुढे मासा पोटात चरबी साठवायला लागतो. चरबीबरोबर पाणी जवळजवळ येतच नाही. शंभर ग्रॅम चरबी घालायला शंभर ग्रॅम मांसापेक्षा कितीतरी जास्त खाद्य लागतं, आणि ती चरबी शेवटी जाते कुठे? मासा फाडताना आतड्यांबरोबर बादलीत.

आता पैशात बघू. मी आकडे धरते, तुम्ही ते पुसून वहीतले घाला. समजा खाद्य ४० रुपये किलो. शंभर ग्रॅमपासून किलोपर्यंत किलोभर वाढीला दीड किलो खाद्य लागलं, तर ९०० ग्रॅम वाढीला १ किलो ३५० ग्रॅम खाद्य, म्हणजे ५४ रुपये. किलोपासून १.८ किलोपर्यंत हेच प्रमाण २.२ वर गेलं, असं धरा. ८०० ग्रॅम वाढीला सुमारे पावणेदोन किलो खाद्य, ७० रुपये. मार्चमध्ये विकला असता तर एका माशाचे ९० आले असते. आज ८० च्या भावाने १४४ येतील. जादा आले ५४, खाद्यात गेले ७०. वीज, पाणी, राखण आणि आठ महिने अडकलेलं तळं यात धरलेलंच नाही. मार्चमध्ये तळं रिकामं केलं असतंत तर उन्हाळ्यात नवीन बीज पडलं असतं आणि आज तुम्ही मला दुसऱ्या खेपेबद्दल पत्र लिहीत असता.

शिवाय पुढचे सहा महिने म्हणजे त्यातले पहिले तीन थंडीचे. पंगस उष्ण पाण्याचा, २६ ते ३० अंशांत रमतो. पाणी २० अंशांच्या आसपास आलं की खाद्याकडे बघेनासा होतो. तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा किती उतरतो, ते तुम्हीच मला सांगाल. तेव्हा मासा वाढणार नाही. साठवलेलं जाळत बसेल, आणि मोठे मासे गच्च भरलेल्या तळ्यात थंडीत रोग शिरला की सगळ्यांनाच धरतो.

हॉटेलांचं म्हणाल तर, पंगस सोलून हाडं, डोकं, कातडी काढली की निव्वळ फिले हातात येतं शंभर किलोला पस्तीस किलोच्या आसपास. मासा मोठा झाल्याने हा आकडा फारसा चढत नाही, उलट पोटात चरबी आणि पुढे गाभोळी भरली की खाली येतो. आणि हॉटेलवाल्याला प्लेटीत मावणारा तुकडा हवा असतो. व्हिएतनाममध्ये अन जियांग, कान थो भागातले लोक जगभर हा मासा ‘बासा’ म्हणून विकतात. तेही किलोच्या आसपासच काढतात, साधारण सहा ते आठ महिन्यांत. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये त्यांचा स्वतःचा चॅनल कॅटफिश पाळतात, मिशांचाच मासा, पण दुसऱ्या कुळातला. तिथे चार पौंडांच्या वरचा मासा कारखाने ‘मोठा’ म्हणून कमी भावात घेतात, कारण त्यांची यंत्रं आणि गिऱ्हाईक दोन्ही लहान मापाला बसलेली. चार पौंड म्हणजे किती? १.८ किलो. तुमचा व्यापारी मिसिसिपीला गेला नसेल, पण काट्यावर उभा राहून शिकला आहे.

विकताना एवढं करा. काढायच्या आधी एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवा, आतडी रिकामी राहिली तर मासा बर्फात जास्त टिकतो. दोन किलोच्या वरचे वेगळे काढून भिगवणला न पाठवता जवळच्या आठवडी बाजारात तुकडे करून विका. तुकड्यात माशाचं वय कुणी विचारत नाही.

प्रश्न : ताई, मी पुण्यात राहते. मुलांना काटे नकोत म्हणून आम्ही पंगस आणतो. परवा दुकानदाराने मोठ्या माशाचे काप दिले. रंग पिवळट होता, तळताना तेल सुटलं आणि सासूबाई म्हणाल्या, ‘म्हातारा मासा आणलास, निबर लागणार.’ बोकडासारखं माशाचंही मांस वयाने चिवट होतं का?

सासूबाईंचा अनुभव मटणाचा आहे आणि मटणाला तो बरोबर लागू पडतो. जनावराच्या मांसातले तंतू ज्या पडद्यांनी बांधलेले असतात, ते वयाबरोबर घट्ट होत जातात. म्हणून म्हातारं मटण कुकरला किती शिट्ट्या दिल्या तरी दाद देत नाही. माशातही तेच पडदे असतात, वयाने तेही थोडे घट्ट होतात. पण माशाला आपलं वजन पेलायचं नसतं, पाणीच त्याला पेलतं. त्यामुळे त्याच्या अंगात हे पडदे मुळात फार थोडे, आणि जे असतात ते काही मिनिटांत विरघळतात. म्हणून तर माशाची पाकळी काट्याने उलगडते. पाळलेल्या पंगसचं मांस वयाने निबर होत नाही. झालंच तर जास्त मऊ आणि तेलकट होतं.

तेल सुटलं ते चरबीचं. माशाच्या मांसातलं पाणी आणि चरबी यांची बेरीज सुमारे ८० टक्के, असा जुना ठोकताळा आहे. एक वाढली की दुसरं घटतं. प्रथिनं मात्र जवळपास तेवढीच राहतात. म्हणजे मोठ्या माशाच्या तुकड्यात मुलांना प्रथिनं काही कमी मिळाली नाहीत, चरबी जास्त गेली एवढंच. आणि ती बांगड्या-तारलीच्या तेलासारखी गुणाची म्हणावी तर तसंही नाही. पंगसमध्ये ओमेगा-३ अगदीच बेताचं असतं. तेवढ्यासाठी आठवड्यातून एकदा बांगडा आणा, काटे मी सांगते तसे काढा, पण ते पुढच्या वेळी.

पिवळेपणाचा वयाशी थेट संबंध नाही. मक्यात पिवळं रंगद्रव्य असतं, तसंच हिरव्या शेवाळात. मासा ज्या तळ्यात वाढला तिथलं पाणी हिरवंगार असेल किंवा खाद्यात मका भरपूर असेल, तर ते द्रव्य मांसात, त्यातही चरबीत उतरतं. जास्त दिवस ठेवलेल्या माशात ते जास्त साचलेलं दिसतं, म्हणून दुकानदार पिवळा म्हणजे जुना असं समीकरण मांडतात. खायला त्याने काही बाधत नाही. गुलाबी-लालसर रंगाचा प्रकार वेगळा. मासा मारताना रक्त नीट काढलं नाही की तसा रंग येतो. कल्ल्याशी चीर देऊन थोडा वेळ पाण्यात ठेवला की मांस पांढरं राहतं. हे करायला दुकानदाराला सांगून बघा. जिवंत मासा विकणारा ऐकेल, बर्फातला मासा विकणारा हसेल.

घरी करण्यासारखं : कातडीखाली बाजूने जाणारी तांबूस-तपकिरी पट्टी सुरीने काढून टाका, तसाच पोटाकडचा पातळ, चरबीचा पदर. वास आणि तेल बहुतेक तिथेच असतं. मग हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. आंबटाने मातकट वास खरोखर मोडतो. ते कसं, हे खाली एका शेतकऱ्याला सांगितलंय. रस्सा करणार असाल तर मोठा मासा बरा. तळायला मात्र किलोच्या आतलाच घ्या.

प्रश्न : गोंदियाहून लिहितोय. एक जण रोहू-कटल्याचं ‘वर्षाचं बीज’ विकतो. दिसायला बोटुकलीहून थोडं मोठं, पण दर दुप्पट. म्हणतो, वय झालेलं बीज लवकर वाढतं. वय झालेलं आणि तरी एवढंच? मग ते खुरटलेलंच ना? पंगसचंही असं बीज मिळतं का?

खुरटलेलंच, पण मुद्दाम खुरटवलेलं. आंध्रात कार्पवाले हा धंदा वर्षानुवर्षं करतात. बोटुकली एका तळ्यात दाटीने भरायची, जगण्यापुरतं खायला द्यायचं, आणि वर्षभराने शंभर ग्रॅम ते पाव किलोच्या दरम्यानची पोरं मोठ्या तळ्यात सोडायची. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की ती अशी सुटतात की सरळ वाढवलेल्या माशाला गाठतात. उपाशी राहिलेला मासा पुन्हा खायला मिळाल्यावर काही काळ नेहमीपेक्षा वेगाने वाढतो. हे अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशवरच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. मोठं बीज मरतं कमी, पक्ष्यांच्या तोंडी जातं कमी, आणि तुमच्याकडे पाणी आठच महिने टिकत असेल तर ते वरदान आहे. मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी याचा जरूर विचार करावा.

इथेच तुमच्या प्रश्नातली मेख आहे. दोन्ही मासे वर्षाचे, दोन्ही दीडशे ग्रॅमचे. एक उपाशी ठेवल्याने लहान राहिलेला, दुसरा पोटभर मिळूनही लहान राहिलेला. पहिला घ्यायचा. दुसरा म्हणजे चांगला माल निवडून विकल्यावर तळाशी उरलेला गाळ, तो तुमच्याकडे येऊनही तसाच राहणार. विकणाऱ्याला विचारा : या तळ्यातून आधी काही विकलंय का? विकलं असेल तर उठा. जाळं ओढायला लावा, सगळी रास एकसारखी दिसली पाहिजे. उपाशी माशाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं, पाठ बारीक असते, पण अंगकांती स्वच्छ, चपळाई शाबूत. कल्ले पांढुरके किंवा पंख झडलेले दिसले तर ते खुरटवणं नव्हे, आजार.

वय कागदावर मागू नका, त्याला पुरावा नसतो. रोहूच्या खवल्यावर निदान वर्तुळं शोधता येतात, पंगस-मागूर या मिशांच्या माशांना खवलेच नाहीत. शास्त्रज्ञ छातीजवळच्या पंखाचा काटा आडवा कापून किंवा कानातला खडा काढून त्यावरची वलयं मोजतात. तेही थंड प्रदेशात ठळक, आपल्याकडे बारमाही खाऊ घातलेल्या माशात पुसट. बीजवाल्याच्या दाराशी हे करत बसणार का?

पंगसच्या बाबतीत मी खुरटवलेल्या बीजाच्या मागे लागणार नाही. तो मुळातच सहा-आठ महिन्यांत किलोला येतो. त्याला चांगली, एकसारखी बोटुकली आणि उबदार पाणी मिळालं की झालं.

प्रश्न : माझ्या माशाला मातीचा वास येतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. मोठ्या माशाला जास्त येतो. विकायच्या आधी किती दिवस स्वच्छ पाण्यात ठेवू? – नगर जिल्हा

हा वास मातीचा नाही. पाण्यात काही निळी-हिरवी शेवाळं असतात, ती जिओस्मिन आणि एमआयबी अशी दोन द्रव्यं सोडतात. पहिल्या पावसात जमिनीचा जो वास येतो त्यातही जिओस्मिनच असतं. आपलं नाक त्याला इतकं तिखट की लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. मासा ते कल्ल्यांतून काही तासांत शोषतो. बाहेर टाकायला मात्र दिवस घेतो, कारण ते चरबीत जाऊन बसतं. म्हणून तुमची गिऱ्हाइकं बरोबर सांगतात. मोठा, चरबीदार मासा वास जास्त धरतो आणि उशिरा सोडतो. पाणी थंड असेल तर आणखी उशिरा.

किलोच्या आतला मासा उबदार, वाहत्या, शेवाळ नसलेल्या पाण्यात तीन-चार दिवसांत बहुतेक सुधारतो. दोन किलोच्या चरबीदार माशाला थंडीत आठवडा उलटून जातो. त्या काळात खाद्य द्यायचं नाही, म्हणजे वजनही उतरणार. तेवढ्यासाठी छोटी सिमेंटची टाकी आणि विहिरीचं पाणी पुरे. त्याच तळ्यात नुसतं खाद्य बंद करून काही साधत नाही, वासाचं मूळ तिथेच आहे.

दिवस मोजण्यापेक्षा चव बघा. मिसिसिपीच्या कारखान्यांत चव बघणारा माणूसच नेमलेला असतो. तळ्यातला नमुन्याचा मासा त्याने चाखून पास केल्याशिवाय जाळं पडत नाही. तुम्हीही शेपटीकडचा तुकडा घ्या, मीठ-मसाला काही न लावता झाकण ठेवून वाफवा, झाकण काढताच हुंगा. घरात ज्याला तंबाखू-तपकिरीची सवय नाही त्याला हुंगायला द्या. वर कोकमाचं लिहिलंय ते यासाठीच. आंबटात जिओस्मिनची मोडतोड होऊन त्याचं वास नसलेलं द्रव्य बनतं. पण तो गिऱ्हाइकाने करायचा उपाय झाला. तुम्ही तळ्यात खाद्य टाकणं कमी करा. न खाल्लेलं खाद्य कुजतं, शेवाळ त्यावरच पोसतं.

प्रश्न : पंगसचे दोन वर्षांचे मासे राखून त्यांचंच बीज तयार करता येईल का?

नाही. नर कदाचित तयार असतील, मादी तीन वर्षांच्या आत भरवशाची नाही, आणि तीन वर्षांनीही ती तळ्यात आपणहून अंडी घालत नाही. तिला संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं, पिल्लं पहिल्या काही दिवसांत एकमेकांना खातात. हे हॅचरीवाल्यांचं काम. पश्चिम बंगालात नैहाटीच्या आसपास ती वस्तीच आहे. तुम्ही बीज विकत घ्या आणि ती तीन वर्षं वाचवा.

प्रश्न : थाई मागूर चार-सहा महिन्यांत किलोचा होतो म्हणतात, मग गावठी मागूर कशाला पाळायचा?

थाई मागूर पाळायला, बीज आणायला आणि विकायला बंदी आहे. केंद्राने २००० सालीच घातली. आपल्या राज्यात मत्स्य खातं तळी रिकामी करून तो मासा पुरतं, नुकसानभरपाई देत नाही. मूळचा आफ्रिकेचा हा खादाड मासा पुरात नदीत सुटला की आपले मासे आणि त्यांची पिल्लं साफ करतो. शिवाय त्याला कत्तलखान्याची घाण घालून वाढवतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वाढतो झपाट्याने, यात वाद नाही.

गावठी मागूर आठ-दहा महिन्यांत शंभर-दीडशे ग्रॅमचा होतो, बस्स. पण तो त्याच मापाला, जिवंत विकला जातो आणि किलोला पंगसच्या कितीतरी पट भाव खातो, विशेषतः जिथे बंगाली, आसामी आणि बिहारी वस्ती आहे तिथे. वर्षाचा झाला की पावसाळ्यात अंड्यावर येतो आणि वाढ मंदावते, म्हणून पुढच्या पावसाच्या आत विकून टाकायचा. बीज मिळण्याची मारामार आहे. तेव्हा आधी बीजाची खात्री करा, मग तळं खणा.